ऐकण्याचे गुण किती?

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत ‘लाँग केस’ असते. विद्यार्थ्याला वॉर्डातला एक रुग्ण नेमून दिला जातो. पाऊण-एक तास तो त्या रुग्णापाशी बसतो, हिस्टरी घेतो, तपासतो, सगळं कागदावर उतरवतो. मग परीक्षक येतात आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. निदान काय? कशावरून? आणखी काय असू शकेल? कोणत्या तपासण्या सांगशील? या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणीच पाहिलेली नसते, ती म्हणजे त्या पाऊण तासात विद्यार्थी रुग्णाशी कसा बोलला. आधी नाव सांगितलं की थेट चादर बाजूला सारली, रुग्ण सांगत असताना त्याच्याकडे पाहत होता की कागदाकडे, दबक्या आवाजात आलेलं एखादं वाक्य त्याने पकडलं की वाहून जाऊ दिलं, हे परीक्षकांना कळायला मार्गच नसतो. त्यांच्यासमोर येतो तो तयार निष्कर्ष.

पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर असेच पास होत आले. स्टेथोस्कोप नीट ठेवता येतो का, यकृत हाताला लागतं का, हे निदान थोडंफार करून दाखवावं लागतं. बोलणं मात्र ‘येतंच’ असं गृहीत धरलं गेलं. माझ्या मते वैद्यकीय शिक्षणातली ही सगळ्यात महागात पडलेली समजूत आहे.

महागात का, ते आकड्यांतच दिसतं. १९७५ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला हॅम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपीडीत आलेल्या ८० नव्या रुग्णांची पाहणी केली. पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रुग्णाशी बोलून डॉक्टरांनी जे निदान केलं, तेच ८० पैकी ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत टिकलं. शारीरिक तपासणीमुळे निदान बदललं ते ७ जणांचं, प्रयोगशाळेच्या अहवालांमुळे आणखी ७ जणांचं. म्हणजे डॉक्टरच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार प्रश्न विचारणं आणि ऐकणं हेच होतं. पुढे १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा आढळलं की रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात. आपलं म्हणणं पुरं करता आलं ते जेमतेम २३ टक्के रुग्णांना.

इथे हमखास एक आक्षेप येतो: ओपीडीत दीडशे केस पेपर पडलेले असताना प्रत्येकाची कहाणी कोण ऐकणार? आक्षेप खोटा नाही. सरकारी रुग्णालयातली गर्दी ज्याने पाहिली आहे तो तो उडवून लावणार नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथे ३३५ रुग्णांवर झालेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. डॉक्टरांना सांगितलं होतं की मध्ये बोलू नका, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत ऐका. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले. दर पाचांतल्या जवळजवळ चौघांचं दोन मिनिटांत आटोपलं. बाझलची ओपीडी म्हणजे आपली ओपीडी नव्हे, पण बोलू दिलं तर रुग्ण थांबणारच नाही ही भीती तरी त्यातून गळून पडते.

मग ही गोष्ट तपासायची कशी? याच्या उत्तराची सुरुवात एका रुग्णाच्या रागातून झाली. हॉवर्ड बॅरोज हे अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ. विशेषज्ञांच्या परीक्षेसाठी रुग्ण जमवून देण्याचं काम त्यांच्याकडे असताना एका रुग्णाने त्यांना सांगितलं की तपासणाऱ्या एका उमेदवाराने फार धसमुसळेपणा केला, म्हणून मीही त्याची खोड मोडली, माझी लक्षणंच बदलून दाखवली. वर्षानुवर्षं डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्या माणसाला आपल्या आजाराच्या खुणा पाठ झाल्या होत्या. बॅरोज यांनी त्यातून दोन गोष्टी हेरल्या. लक्षणं शिकून हुबेहूब दाखवता येतात. आणि समोरचा डॉक्टर कसा आहे याचा अचूक न्याय रुग्ण करू शकतो. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या रुग्णाची भूमिका शिकवली. विद्यार्थी तिला तपासत आणि तपासणी कशी झाली याचा अहवाल तीच देई. पुढच्याच वर्षी बॅरोज आणि स्टीफन अब्राहमसन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली, वैद्यक म्हणजे नाटक आहे का असं विचारलं. आज जगभर हजारो माणसं हे काम करतात आणि त्यांना ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ म्हणतात, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तीच कथा, तेच हावभाव, तीच माहिती तितकीच मोजून मापून देणारा रुग्ण.

दुसरा धागा स्कॉटलंडमधला. रोनाल्ड हार्डन यांनी डंडी इथे परीक्षेचं एकसंध रूपच मोडलं आणि तिचे तुकडे केले. एका विद्यार्थ्याला सोपा रुग्ण, दुसऱ्याला किचकट, एकाला प्रेमळ परीक्षक, दुसऱ्याला खडूस, हा नशिबाचा खेळ थांबवायचा तर सगळ्यांनी त्याच ठाण्यांवरून, तेवढ्याच वेळात, तेच काम करत पुढे सरकायला हवं. घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर. हा शोधनिबंधही १९७५ चाच. त्या परीक्षेचं इंग्रजी आद्याक्षरी नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘ऑस्की’ झालं आहे. बॅरोजचा रुग्ण हार्डनच्या स्टेशनवर येऊन बसला आणि पडद्यामागचं संभाषण पहिल्यांदा परीक्षकाच्या डोळ्यांसमोर आलं.

असं एक स्टेशन आपण जवळून पाहू. मी ते आपल्याकडच्या ओपीडीवर बेतलं आहे.

दारावर विद्यार्थ्यासाठी सूचना चिकटवलेली आहे: ‘रुग्ण, वय ४२, रिक्षाचालक. फुप्फुसाच्या टीबीचं निदान. उपचार सुरू होऊन सात आठवडे झाले. त्यांच्याशी औषधांबद्दल बोला. वेळ ७ मिनिटं.’ आत भूमिका करणाऱ्याच्या हाती वेगळा कागद असतो आणि त्यात खरी गोम असते. खोकला थांबला आहे, वजन वाढू लागलं आहे, पण दहा दिवसांपूर्वी त्याने गोळ्या सोडल्या. कारण लघवी लालसर केशरी होते. औषधं उष्ण पडली, आतून रक्त जातंय, अशी त्याची समजूत. हे त्याने बायकोला सांगितलेलं नाही, गोळ्या देणाऱ्या कार्यकर्तीलाही नाही. कागदावर पुढे सूचना आहेत: ‘गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, असं विचारलं तर हो म्हणा. काही अडचण येते का, असं विचारून विद्यार्थी थांबला तर खाली बघा आणि आता बरं वाटतंय एवढंच म्हणा. त्याने पुन्हा सबुरीने विचारलं तर लघवीचं सांगा. कोणत्याही क्षणी रागावला, तर काही सांगू नका.’

पहिला विद्यार्थी येतो. हुशार आहे, अभ्यास पक्का आहे. “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?” “हो.” पुढची पाच मिनिटं तो टीबीची उत्तम माहिती देतो: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, मध्येच सोडली तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात, घरच्यांची तपासणी, सकस आहार. एकही वाक्य चुकीचं नाही. रुग्ण मान डोलावतो. घंटा वाजते. गोळ्या घरी कपाटातच राहतात.

दुसरी विद्यार्थिनी अडखळत बोलते. पण बसता बसता नाव सांगते आणि म्हणते, “दादा, इतक्या गोळ्या रोज घ्यायच्या म्हणजे सोपं नाही. काय काय अडचणी येतात?” तो खाली बघतो. “आता बरं वाटतंय तसं.” ती लगेच पुढचा प्रश्न टाकत नाही. क्षणभर थांबून विचारते, “बरं वाटतंय हे चांगलंच झालं. पण काहीतरी मनात आहे का?” मग लघवीचा विषय निघतो. रिफॅम्पिसिन नावाच्या गोळीने लघवीला, घामाला, अश्रूंनासुद्धा तो रंग येतो, ते रक्त नाही, हे ती सांगते. शेवटी विचारते, “आता घरी वहिनींना हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा बरं.” आहाराचं सांगायचं राहून जातं.

आता गुण द्या पाहू!

परीक्षकाच्या हातात यादी असते. कॅनडातल्या कॅलगरी आणि इंग्लंडमधल्या केंब्रिज या दोन ठिकाणच्या शिक्षकांनी मिळून केलेली मार्गदर्शिका यातली सर्वाधिक परिचित. डॉक्टर-रुग्ण संभाषणातली सत्तरच्या आसपास कौशल्यं तिने वेगळी करून मांडली. आपली ओळख करून दिली का? खुला प्रश्न विचारला का? रुग्णाला काय वाटतं हे विचारलं का? समजलं की नाही याची खात्री केली का? अशा याद्यांचं मोठं ऋण आहे. ‘बोलणं चांगलं आहे’ या मोघम शेऱ्याऐवजी नेमकं काय चांगलं, काय राहिलं, हे दाखवता येऊ लागलं आणि दाखवता येतं ते शिकवता येतं. मँचेस्टरमध्ये पीटर मॅग्वायर यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच मुलाखतींचं चित्रीकरण दाखवून शिकवलं. पाच वर्षांनी ते डॉक्टर झाल्यावर पुन्हा पाहिलं तेव्हाही त्यांचं संभाषण इतरांपेक्षा सरस होतं. १९८६ साली हे प्रसिद्ध झाल्यावर ‘हे उपजतच असावं लागतं’ या युक्तिवादाला फारसा आधार उरला नाही.

पण यादी जपून वापरावी लागते. आमच्या स्टेशनवर आहार, घरच्यांची तपासणी, औषधांचा कालावधी अशा प्रत्येक मुद्द्याला एकेक गुण ठेवला, तर पहिला विद्यार्थी सहज पुढे जाईल. हे काल्पनिक भय नाही. ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली टोरंटोतून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थी, रेसिडेंट आणि अनुभवी फॅमिली डॉक्टर अशा तिन्ही गटांना त्याच स्टेशनांवरून फिरवलं. यादीनुसार गुण दिले तेव्हा अनुभवी डॉक्टर सगळ्यांत मागे पडले. परीक्षकांनी एकूण छाप पाहून गुण दिले तेव्हा तेच पुढे आले. मुरलेला डॉक्टर सगळे प्रश्न विचारत बसत नाही, नेमका हवा तो विचारतो, आणि यादीत त्याला जागा नसते. म्हणून आता चांगल्या परीक्षेत दोन्ही ठेवतात: मोजकी यादी आणि परीक्षकाचं एकंदर मत. उत्तीर्णतेची रेषासुद्धा त्यातूनच काढता येते. परीक्षकांनी ज्यांना ‘धड पास नाही, धड नापास नाही’ असं म्हटलं, त्यांच्या गुणांची सरासरी घ्यायची आणि तीच त्या स्टेशनची रेषा मानायची. ३५ किंवा ५० असा आधीच ठरवलेला आकडा लावण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे, कारण अवघड स्टेशनची रेषा आपोआप खाली येते.

एका स्टेशनवरून मात्र काहीच ठरत नाही. टीबीच्या रुग्णाशी छान बोलणारी विद्यार्थिनी चिडलेल्या नातेवाइकासमोर गप्प होऊ शकते, आणि लहान मुलाच्या आईशी जुळवून घेणारा मुलगा मरणाची बातमी सांगताना वैद्यकीय शब्दांच्या आड लपतो. संवाद ही एकच सरळ क्षमता नाही, ती प्रसंगागणिक बदलते. डझनभर वेगवेगळे प्रसंग आणि शक्य तितके वेगवेगळे परीक्षक असतील, तरच गुणपत्रिकेवर विसंबता येतं.

मोठ्या प्रमाणावर हे करायला गेलं की काय होतं, ते अमेरिकेने करून पाहिलं. २००४ पासून तिथे डॉक्टरकीच्या परवान्यासाठी ‘स्टेप टू सीएस’ ही परीक्षा सक्तीची झाली. एका दिवसात बारा रुग्ण, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. फिलाडेल्फिया, अटलांटा, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस ही पाचच केंद्रं. मुंबई-पुण्याहून एमबीबीएस करून जाणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींनी केवळ त्या एका दिवसासाठी व्हिसा आणि विमानभाडं जमवलं. शेवटी शेवटी अमेरिकी विद्यार्थ्यांसाठीही फीच तेराशे डॉलरच्या आसपास गेली होती. अमेरिकी कॉलेजांतले जवळजवळ सगळेच विद्यार्थी पास होत असल्याने एवढा खर्च कशासाठी, असा सवाल तिथले विद्यार्थीच करू लागले. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं.

खर्चापेक्षा मला जास्त खुपतं ते त्या परीक्षेभोवती वाढलेलं पाठांतर. “तुम्हाला किती त्रास होत असेल, मी समजू शकतो” हे वाक्य कोणत्या मिनिटाला म्हणायचं, टिश्यूचा बॉक्स कधी पुढे करायचा, हे क्लासमध्ये शिकवलं जाऊ लागलं. ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी मँचेस्टरला होणाऱ्या ‘प्लॅब’ या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याचे क्लासही असतात. मुलांना दोष देता येणार नाही. ज्याला गुण आहेत ते ती शिकणारच. दोष यादीत ‘सहानुभूतीचं वाक्य उच्चारलं: एक गुण’ असं लिहिणाऱ्याचा आहे. यावर उपाय साधा आहे. शेवटी भूमिका करणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारावा: या डॉक्टरकडे तुम्ही पुन्हा याल का? पाठ केलेली कळकळ त्याला पहिल्या झटक्यात ओळखू येते.

तरीही ही सगळी खटपट वाया जाणारी नाही, याचा मला वाटतो तो भक्कम पुरावा कॅनडातला आहे. १९९३ ते १९९६ या काळात तिथली राष्ट्रीय क्लिनिकल परीक्षा दिलेल्या आणि ओंटारिओ व क्वेबेकमध्ये काम करणाऱ्या ३,४२४ डॉक्टरांचा रॉबिन टॅम्बलिन यांनी पुढे अनेक वर्षं माग ठेवला. ज्यांना परीक्षेत संवादाचे गुण कमी पडले होते, त्यांच्याविरुद्ध वैद्यकीय परिषदांकडे तक्रारीही जास्त गेल्या. काही मिनिटांच्या स्टेशनवर जे दिसलं, त्याचा पडसाद पुढे वर्षानुवर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये उमटला.

आपल्याकडे २०१९ च्या प्रवेशांपासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. ‘भारतीय वैद्यकीय पदवीधर’ कसा असावा याच्या पाच भूमिका ठरल्या आणि त्यातली एक ठळकपणे संवादकाची आहे. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ नावाचे २७ घटक चारही टप्प्यांत पसरले. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषा शिकवणं आलं. हा बदल मोठा आहे आणि त्याचं मनापासून स्वागत करायला हवं. पण जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मांडलेला पिरॅमिड इथे आठवावा लागतो. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसं करायचं ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘रोजच्या कामात करतो’. ‘दुःखद बातमी सांगण्याच्या पायऱ्या लिहा’ हा पाच गुणांचा प्रश्न दुसऱ्या पायरीपलीकडे जात नाही. सहा पायऱ्या घडाघडा लिहिणारा विद्यार्थी आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या मुलाशी नजर मिळवू शकेल की नाही, हे उत्तरपत्रिका सांगणार नाही.

शिवाय बाहेरून आलेली यादी जशीच्या तशी इथे चालत नाही. तिच्यात एक डॉक्टर आणि एक रुग्ण असे दोघेच गृहीत असतात. आपल्याकडे रुग्ण एकटा येतोच कुठे? सोबत मुलगा असतो, सून असते, गावाकडचे चुलते असतात आणि आत येण्याआधीच मुलगा कानाशी लागतो: “डॉक्टर, आईला कॅन्सरचं काही बोलू नका हं.” आई मात्र तुमच्याकडे टक लावून बघत असते. तिला किती जाणून घ्यायचं आहे हे तिलाच विचारायचं, मुलाला न दुखावता, आणि तेही भरलेल्या ओपीडीत! महाराष्ट्रातल्या परीक्षेत हे स्टेशन असायलाच हवं. बायकांच्या वॉर्डात “अंगावरून जातं” या तक्रारीवर पुढे काय विचारायचं, मेळघाटातून आलेल्या कोरकू आजीशी दुभाष्यामार्फत बोलताना दुभाष्याकडे न बघता आजीकडे बघायचं, हेही. आणि एक ओळ तर प्रत्येक यादीच्या डोक्यावर असावी: वयाने मोठ्या, गरीब रुग्णाला विद्यार्थी ‘तुम्ही’ म्हणाला का? वीस-बावीस वर्षांची पोरं सरकारी वॉर्डात साठीच्या माणसाला अरे-तुरे करतात, ते वरच्यांचं पाहून. परीक्षेत त्याचे गुण जाऊ लागले तर ही सवय दोन-चार बॅचेसमध्ये मोडेल, असं मला ठामपणे वाटतं.

मिलरचं टोक, म्हणजे रोजचं काम, ऑस्कीच्या आवाक्याबाहेरच आहे. त्यासाठी जॉन नॉर्सिनी यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेत रुजवलेली ‘मिनी-सीईएक्स’ उपयोगी पडते. शिक्षकाने खऱ्या रुग्णापाशी पंधरा-वीस मिनिटं मागे उभं राहायचं, मध्ये पडायचं नाही, आणि लगेच बाजूला घेऊन सांगायचं: हे जमलं, इथे घाई केलीस. वर्षभरात असं अनेकदा, वेगवेगळ्या शिक्षकांनी. फक्त ते खरोखर बघून व्हावं. लॉगबुकं टर्म संपताना एका बैठकीत सह्यांनी भरली गेली, तर त्याचा काहीही उपयोग नाही. इंटर्नशिपच्या वेळी सिस्टर, मावशी, मामा यांचंही मत घ्यावं. कोण कसं बोलतं हे वॉर्डात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि भूमिका करायला माणसं कुठून आणायची? महाराष्ट्रात हा प्रश्न पडू नये. राज्य नाट्य स्पर्धा आणि पुरुषोत्तम करंडक यांच्यावर पोसलेली हौशी रंगभूमी जिल्ह्याजिल्ह्यात आहे. त्यातले निवृत्त शिक्षक, बँकवाले, गृहिणी या कामाला उत्तम. फक्त त्यांना रंगमंचावरची एक गोष्ट विसरायला लावावी लागेल. नाटकात प्रत्येक प्रयोग रंगवायचा असतो. इथे तिसाव्या विद्यार्थ्यासमोरचा रिक्षावाला पहिल्यासमोरच्या रिक्षावाल्यासारखाच हवा, अश्रू असतील तर तितकेच आणि त्याच प्रश्नाला. दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, चित्रीकरण पाहून दुरुस्ती, आणि गुण कसे द्यायचे याचा सराव एवढं पुरतं. घंटा वाजल्यावर भूमिकेतून बाहेर येऊन त्यांनी मिनिटभर विद्यार्थ्याशी बोलावं, असंही ठेवता येतं. “तुम्ही घड्याळ पाहिलंत तेव्हा मी सांगणार होतो ते गिळून टाकलं.” हे प्राध्यापकाने सांगून पटत नाही, ते त्या खुर्चीत बसलेल्या माणसानेच सांगायला हवं.